महागडा फोन : भाव, किंमत आणि मोल



२०२५ सालच्या सप्टेंबर महिन्यातली गोष्ट आहे. रविवारची दुसरी मिस्सा संपली होती आणि नेहमीप्रमाणे आम्ही चर्चच्या दारात उभे राहून लोकांची विचारपूस करत होतो. गर्दी ओसरली तरी एक कुटुंब पायऱ्यांजवळ रेंगाळत होते. आई, वडील आणि चोवीस वर्षांचा मुलगा. घरात काहीतरी बिनसले आहे हे तिघांच्या चेहऱ्यावरून दिसत होते. शेवटी आईनेच सुरुवात केली, "फादर, तुम्हीच काय ते समजवा याला. एक लाख पस्तीस हजारांचा फोन घ्यायचा म्हणतोय." मुलगा लगेच म्हणाला, "फादर, हप्ते माझ्या पगारातून भरणार आहे. यांच्याकडे एक रुपया मागितलेला नाही." वडील गप्पच होते. ते सातपूरच्या एका कारखान्यात गेली बावीस वर्षे काम करतात. थोड्या वेळाने ते एवढेच म्हणाले, "पंचवीस हजारांच्या फोनवरूनही बोलता येतं."

पुढच्या रविवारी कार्यालयात बसून बोलू, असे सांगून आम्ही त्यांना निरोप दिला. खरे सांगायचे तर आमच्याजवळ उत्तर तयारच होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ऋण काढून सण करू नये, साधेपणात सुख आहे, वगैरे वगैरे. पण आठवडाभर विचार करू लागलो तेव्हा लक्षात आले की हे उत्तर त्या मुलाच्या प्रश्नाला नव्हते. तो 'साधेपणा चांगला की वाईट' असे विचारतच नव्हता. त्याचा प्रश्न सरळ होता. ही वस्तू दुसऱ्या कंपन्यांच्या तशाच वस्तूंपेक्षा इतकी महाग आहे, तर ती त्या किमतीला योग्य आहे की नाही? या प्रश्नाचा आम्ही केलेला विचार, त्या कुटुंबाच्या संमतीने आणि नावगाव वगळून, आज तुमच्यापुढे ठेवत आहोत. हा प्रश्न त्या एकाच घराचा नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आधी हिशेब

बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेत नाही का, असे प्रभू येशू संत लूककृत शुभवर्तमानात विचारतो. तेव्हा हिशेबाला कमी लेखण्याचे कारण नाही. उपदेशाआधी हिशेब व्हावा.

त्या मुलाला हवा होता तो आयफोन १७ प्रो. सप्टेंबर २०२५ मध्ये तो भारतात आला तेव्हा त्याची किंमत १,३४,९०० रुपयांपासून सुरू होत होती. त्याच कंपनीचा साधा आयफोन १७ त्याच वेळी ८२,९०० रुपयांना होता. सॅमसंगचा गॅलेक्सी एस २५ अल्ट्रा जानेवारी २०२५ मध्ये १,२९,९९९ रुपयांना आला आणि वनप्लस १३ त्याच महिन्यात ६९,९९९ रुपयांना. याखाली वीस-पंचवीस हजारांच्या फोनची तर रांगच आहे. त्यावर बोलता येते, व्हॉट्सअॅप चालते, पैसे पाठवता येतात, मुलांचा अभ्यास होतो आणि नाताळच्या गोठ्याचा फोटोही बऱ्यापैकी येतो.

मग वरच्या लाखभर रुपयांत मिळते काय? काहीच मिळत नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. कॅमेरा दूरचे चित्र अधिक स्वच्छ टिपतो, कमी उजेडात चांगले काम करतो. आतला प्रोसेसर वेगवान असतो. बांधणी मजबूत असते. आणि महत्त्वाचे म्हणजे असा फोन जास्त वर्षे चालतो. २०१९ साली आलेल्या आयफोन ११ ला २०२५ सालची नवी कार्यप्रणाली मिळाली. सॅमसंगने २०२४ सालच्या एस २४ मालिकेपासून सात वर्षे अद्ययावत प्रणाली देण्याचे वचन दिले आहे. जुना विकायला काढला तरी अशा फोनला बऱ्यापैकी पैसे येतात.

आता भागाकार करू या. १,३४,९०० रुपयांचा फोन सहा वर्षे वापरला तर वर्षाला सुमारे २२,५०० रुपये, म्हणजे दिवसाला ६२ रुपये पडतात. २५,००० रुपयांचा फोन तीनच वर्षे टिकला असे धरले तरी वर्षाला सुमारे ८,३०० रुपये, दिवसाला २३ रुपये. म्हणजे टिकाऊपणाचे गणित मांडूनही महाग फोन महागच राहतो. फक्त दरी थोडी कमी होते, आणि तीही फोन सहा वर्षे जपून वापरला तरच. दर दोन वर्षांनी नवा घेणाऱ्याने टिकाऊपणाची सबब सांगू नये.

दुसरी गोष्ट दुकानात जाऊन हाताळले की कळते. दहा हजारांच्या आणि पंचवीस हजारांच्या फोनमधला फरक आमच्यासारख्या अडाण्यालाही दिसतो. पंचवीस आणि सत्तर हजारांमधला फरक कोणीतरी दाखवून द्यावा लागतो. सत्तर हजार आणि एक लाख पस्तीस हजार यांच्यातला फरक शोधावा लागतो. किंमत दुप्पट झाली म्हणून उपयोग दुप्पट होत नाही. वर जावे तसे थोड्याशा उपयोगासाठी जास्त जास्त पैसे मोजावे लागतात.

तेव्हा निव्वळ उपयोगाच्या तराजूत तोलले तर वडिलांचे म्हणणे बरोबर ठरते. पण माणूस निव्वळ उपयोगासाठी वस्तू घेतो का?

भाव, किंमत, मोल

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत ऑगस्टीनचा एक विचार वाचला होता तो आठवला. 'देवाचे नगर' या ग्रंथात तो म्हणतो की सृष्टीच्या क्रमात उंदीर हा भाकरीपेक्षा वरचा, कारण त्याच्यात जीव आहे. तरीही घरात उंदीर असण्यापेक्षा भाकरी असलेली कोणाला आवडणार नाही? म्हणजे वस्तू मुळात काय आहे हे एक माप आणि आपल्याला तिची गरज किती हे दुसरे माप. बाजार दुसऱ्या मापाने चालतो. पुढे तो अधिक बोचरे उदाहरण देतो. माणसाची प्रतिष्ठा एवढी मोठी, पण बाजारात घोड्याला गुलामापेक्षा जास्त पैसे मिळतात. बाजारातला आकडा म्हणजे त्या वस्तूची खरी योग्यता नव्हे, हे त्याने सोळाशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

आम्हा नाशिककरांना हे वेगळे सांगायला नको. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोटा छापल्या जातात. पाचशेच्या नोटेच्या कागदाला आणि शाईला मोजके काही रुपये लागतात. पण ती हातात आली की पाचशे रुपयांचा बाजार होतो, कारण आपण सगळ्यांनी तिला तसे मानले आहे. उद्या सगळ्यांनी मानायचे सोडले तर तो कागदच उरेल. २०१६ सालच्या नोव्हेंबरमध्ये एका रात्रीत ते आपण पाहिलेच.

आपल्या मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. भाव म्हणजे आजचा बाजारातला दर. तो सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. किंमत म्हणजे दुकानदार मागतो तो आकडा. आणि मोल म्हणजे ती वस्तू आपल्यासाठी खरोखर किती मोठी आहे ते. हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो तेव्हा किंमत नाही असे आपल्याला म्हणायचे नसते. हौसेला किंमत तर भरपूर असते! त्या फोनची किंमत पाटीवर लिहिलेली होती. त्याचे त्या मुलासाठी मोल काय, ते मात्र कुठेच लिहिलेले नव्हते.

विकणाऱ्याचा न्याय

इतकी किंमत लावणारा अन्याय करतो का? ही शंकाही आमच्या मनात आली. तेराव्या शतकात संत थॉमस अॅक्वायनसने आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात नेमका हाच प्रश्न घेतला आहे. वस्तू तिच्या योग्यतेपेक्षा जास्त किमतीला विकणे धर्माला धरून आहे का? त्याच्या उत्तराचा सारांश असा. फसवून जास्त पैसे घेणे हे पाप. वस्तू देताना विकणाऱ्याचे विशेष नुकसान होत असेल तर त्याने ते भरून घ्यावे. पण केवळ घेणाऱ्याची गरज मोठी आहे म्हणून किंमत वाढवणे योग्य नाही, कारण ती गरज विकणाऱ्याच्या मालकीची नाही. स्वतःचे नाही ते तो विकू शकत नाही. मात्र घेणाऱ्याने आपल्याला मोठा लाभ झाला म्हणून खुशीने जास्त दिले तर ते त्याच्या मनाचे मोठेपण.

पुढे सोळाव्या शतकात स्पेनमधील सलामांका येथील धर्मपंडितांनी असे मांडले की योग्य किंमत म्हणजे खुल्या बाजारात, फसवणूक आणि मक्तेदारी नसताना, लोकांच्या सर्वसाधारण मताने ठरते ती. फोनच्या बाजारात प्रतिस्पर्धी भरपूर आहेत. कोणी आपल्या गळ्यात फोन बांधत नाही. लोकांना लाख रुपये द्यावेसे वाटतात म्हणून कंपनी लाख रुपये मागते. १९ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील दुकानापुढे लोक आदल्या रात्रीपासून रांगेत उभे होते आणि सकाळी तिथे धक्काबुक्कीही झाली. अशा गर्दीला पाहून कोणता व्यापारी किंमत उतरवील? या मापाने पाहिले तर ती किंमत अन्यायाची म्हणता येत नाही.

पण अॅक्वायनस विकणाऱ्याला एवढ्यावर सोडत नाही. वस्तूत दोष असेल तर तो सांगितला पाहिजे, असे तो बजावतो. डिसेंबर २०१७ मध्ये अॅपल कंपनीने मान्य केले की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग ती प्रणालीमार्फत कमी करत होती. फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केले, असे तिचे स्पष्टीकरण होते. ते खरेही असेल. पण ग्राहकाला आधी सांगितले नव्हते, म्हणून तिला क्षमा मागावी लागली आणि बॅटरी बदलण्याचा दर कमी करावा लागला.

आणखी एक उदाहरण अॅक्वायनस देतो ते आम्हाला फार आवडते. धान्य महाग असलेल्या गावात एक व्यापारी धान्य घेऊन पोहोचतो. मागून आणखी गाड्या येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते लोकांना सांगितले पाहिजे का? न्यायाने तो बांधलेला नाही, असे अॅक्वायनस म्हणतो. पण सांगितले तर तो अधिक गुणी ठरेल. फोनच्या दुकानात हे रोज घडते. नवे मॉडेल आले की मागच्याची किंमत उतरते. आयफोन १६ हा २०२४ साली ७९,९०० रुपयांना आला आणि वर्षभराने, १७ आल्यावर, ६९,९०० रुपयांवर आला. नाशिकच्या एम. जी. रोडवर एखादा दुकानदार गिऱ्हाइकाला हळूच सांगतो, "पंधरा दिवस थांबा, उतरेल." त्या माणसाने 'सुम्मा' वाचलेला नाही, पण अॅक्वायनसला तो आवडला असता.

ज्याला किंमत लावता येत नाही

याच ठिकाणी एक वेगळाच विचार आमच्या मनात आला आणि तो आम्हाला सोडेना. आपल्या जिल्ह्यात लासलगावचा कांदाबाजार आहे. आशियातला सर्वांत मोठा म्हणून तो ओळखला जातो. २०१८ सालच्या शेवटी निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले. त्याने ती रक्कम मनीऑर्डरने पंतप्रधानांकडे पाठवली आणि देशभर तिची चर्चा झाली. किलोला दीड रुपयासुद्धा नाही. त्या भावाने हा एक फोन घ्यायचा तर सुमारे ९५ टन कांदा विकावा लागेल. कांद्याचा भाव नेहमीच इतका पडलेला नसतो, हे मान्य. कधी तो शहरातल्या गृहिणीच्या डोळ्यांत पाणी आणतो. पण चढो की पडो, तो भाव शेतकरी ठरवत नाही. चार महिने राबून आणलेला ट्रॅक्टर लिलावाच्या ओळीत उभा करायचा आणि पुकारला जाईल तो आकडा ऐकायचा, एवढेच त्याच्या हाती.

फोन विकणारा आपली किंमत स्वतः छापून आणतो आणि आपण ती न कुरकुरता देतो, उलट रांगेत उभे राहून देतो. भाजीवालीशी मात्र कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. यात कोण पापी आणि कोण पुण्यवान हे आम्ही सांगत नाही. आमच्याही हातून हे घडते. पण खरेदी हे केवळ व्यवहाराचे नव्हे, नीतीचेही कृत्य आहे, असे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ सालच्या आपल्या परिपत्रकात सांगितले आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' मध्ये त्याची पुन्हा आठवण करून दिली, ती याच अर्थाने. आपण कोणापुढे मान तुकवतो आणि कोणाशी हुज्जत घालतो, हे आपल्या पाकिटातून दिसते.

फोनच्या पोटातही अशीच माणसे आहेत. बॅटरीत वापरला जाणारा कोबाल्ट मोठ्या प्रमाणात आफ्रिकेतील काँगो देशातून येतो आणि तिथल्या लहान खाणींत मुलेही राबतात. २०२३ साली पोप फ्रान्सिस त्या देशात गेले तेव्हा आफ्रिकेची ही लूट थांबवा असे त्यांनी कळकळीने सांगितले. काही कंपन्या आता जुन्या बॅटऱ्यांतला कोबाल्ट पुन्हा वापरू लागल्या आहेत, ही चांगली गोष्ट आहे. हा प्रश्न महाग फोनचाही आहे आणि स्वस्त फोनचाही. त्यातून एवढाच धडा मिळतो की कोणताही फोन घ्या, पण तो घिसेपर्यंत वापरा.

तीनशे दिनारांचे अत्तर

पुढच्या रविवारी ते कुटुंब आले. आम्ही आमचा हिशेब मांडला. मुलाने शांतपणे ऐकून घेतला आणि मग विचारले, "फादर, एक विचारू? रागावू नका. आपल्या चर्चसाठी मागच्या वर्षी ऑर्गन घेतला, तेव्हा स्वस्तातला का नाही घेतला? गाणी तर त्याच्यावरही वाजली असती."

आई त्याच्यावर डोळे वटारू लागली, पण आम्हाला त्याचे कौतुकच वाटले. प्रश्न नेमका होता. आणि त्याला उत्तर देताना आम्हाला बेथानीची ती घटना आठवली. एका स्त्रीने जटामांसीच्या उंची अत्तराची कुपी फोडून येशूच्या मस्तकावर ओतली. ३०० दिनारांहून अधिक किंमत! एक दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. आज रोजची मजुरी ५०० रुपये धरली तर १,३४,९०० रुपये म्हणजे २७० दिवसांची मजुरी होते. पाहा, आकडा किती जवळ येतो! तिथेही हिशेब मांडणारे होते. हे विकून गोरगरिबांना देता आले असते, असे ते म्हणाले. संत योहान तर ते वाक्य यहुदा इस्कार्योतच्या तोंडी घालतो. हिशेब चुकीचा नव्हता, तरी येशूने त्या स्त्रीचीच बाजू घेतली.

तेव्हा महाग वस्तू घेणे हेच मुळी पाप, असे शुभवर्तमान सांगत नाही. एखाद्या गोष्टीसाठी वर्षाची कमाई ओतणे हे सुंदर कृत्य असू शकते. प्रश्न असा की ते कोणासाठी ओतले. त्या स्त्रीने ते स्वतःच्या अंगाला लावले नाही. आणि ते तिच्याजवळ होते. बारा-चोवीस हप्त्यांवर घेतलेले होते असे कुठे लिहिलेले नाही.

ऑर्गनबद्दल आम्ही त्या मुलाला सांगितले की तीन ठिकाणांहून दर मागवले, पॅरिश कौन्सिलमध्ये ते वाचून दाखवले, कर्ज काढले नाही आणि दर रविवारी शेकडो लोक त्याच्या सुरावर गातात. हे सगळे खरे. पण एवढे बोलून झाल्यावर आम्हाला थांबावे लागले, कारण ते पूर्ण खरे नव्हते. शेजारच्या धर्मग्रामापेक्षा आपला ऑर्गन मोठा असेल, या विचाराने त्या वेळी आमच्या मनाला थोड्या गुदगुल्या झाल्या होत्या. तेही आम्ही त्याला सांगून टाकले.

टेबलावरचा फोन

बहुधा त्यामुळेच तो मोकळा झाला. आम्ही त्याला विचारले, "सध्याच्या फोनवर करता येत नाही असे नव्या फोनवर तू काय करणार आहेस?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग खाली बघत म्हणाला, "फादर, कंपनीत जेवणाच्या सुट्टीत सगळे आपापले फोन टेबलावर ठेवतात. मी माझा खिशातच ठेवतो."

बंधुभगिनींनो, त्या खोलीत कोणीच काही बोलले नाही. वडिलांनी पहिल्यांदाच मुलाकडे नीट पाहिले. आमचा प्रोसेसरचा, कॅमेऱ्याचा, दिवसाच्या बासष्ट रुपयांचा सगळा हिशेब बाजूला पडला. वरचे लाखभर रुपये कशासाठी मोजायचे होते, ते आता कळले. ते टेबलावर फोन ठेवता यावा यासाठी होते.

यावर हसणे सोपे आहे, पण आम्हाला हसू आले नाही. चारचौघांत मान असावा ही इच्छा काही वाईट नाही. देवाने माणसाला प्रतिष्ठा दिली आहे आणि ती कोणी ओळखली नाही की दुखते. त्या मुलाची गरज खरी होती. मात्र अॅक्वायनसच्या भाषेत सांगायचे तर इथे कोणीतरी दुसऱ्याची गरज विकून पैसे करत होते. फोनचे सुटे भाग, मजुरी, संशोधन, अठरा टक्के जीएसटी आणि व्यापाऱ्याचा नफा, या सगळ्यांच्या वर आणखी एक रक्कम त्या किमतीत आहे. ती त्या टेबलाची आहे. आणि टेबल काही कंपनीने बनवलेले नाही. ते आपण बनवले आहे.

आपले टेबल कुठे नाही? पहिल्या कम्युनियनच्या दिवशी कोणाच्या मुलीचा झगा केवढ्याचा, हे आपण विचारतो. लग्नात हॉल कोणता, विचारतो. संत याकोबाने आपल्या पत्रात लिहिले आहे की सभेत सोन्याची अंगठी घातलेला आला तर त्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतला आला तर त्याला 'तिकडे उभा राहा', असे तुम्ही करता. दोन हजार वर्षांत अंगठीच्या जागी फोन आला, इतकेच. आम्ही स्वतःही सणाच्या दिवशी हातात भारी फोन असलेल्या माणसाशी जरा जास्त अदबीने बोललो असू, हे नाकारण्याचे धाडस आम्हाला होत नाही.

म्हणून त्या मुलाला आम्ही 'घे' असेही म्हटले नाही आणि 'घेऊ नको' असेही नाही. तो सज्ञान आहे, पगार त्याचा आहे. त्याला चोवीस हजार पगार मिळतो. दोन वर्षांच्या हप्त्याला महिन्याला ५,६२० रुपये, म्हणजे पगाराचा जवळजवळ चौथा हिस्सा जाईल, हे फक्त कागदावर लिहून दिले. आणि तीन प्रश्न दिले. हाच फोन असा असता की तो फक्त तुलाच दिसेल, दुसऱ्या कोणालाही नाही, तर तू त्याला किती पैसे दिले असतेस? पैसे साठवून वर्षभराने, किंमत उतरल्यावर घेतलास तर काय बिघडेल? आणि जे बिघडेल ते तुझे बिघडेल की टेबलावरच्या लोकांच्या नजरेतले?

पहिल्या प्रश्नाला त्याने तिथेच उत्तर दिले. थोडा विचार करून म्हणाला, "तीस-पस्तीस हजार, फादर." म्हणजे उरलेल्या लाखाचा हिशेब लागला होता. वडील त्यावर हसले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "पंचवीस वर्षांपूर्वी मी कर्जाने मोटारसायकल घेतली होती. सायकलने कामाला जाता येत होतं." मग मात्र आईच हसली.

त्याने पुढे कोणता फोन घेतला, हे आम्ही सांगणार नाही. ते त्याच्या घरात ठरले आणि भांडण न होता ठरले, एवढे पुरे. कोणी काय घ्यावे याची यादी चर्चच्या दारावर लावणे हे आमचे काम नव्हे. त्या मुलाच्या जागी फोटो काढून पोट भरणारा कोणी असता तर कदाचित हाच फोन त्याच्यासाठी सुताराच्या रंध्यासारखा झाला असता आणि किमतीला पुरेपूर उतरला असता. वस्तू तीच, पण मोल माणसागणिक बदलते.

पण एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या हाती आहे. अशा फोनची किंमत कमी करणे कंपनीच्या मनात नसेल, सरकारच्याही नसेल. तरी तिचा एक मोठा हिस्सा आपण कमी करू शकतो. आपल्या घरात, आपल्या तरुणांच्या गटात, मिस्सानंतर चर्चच्या आवारात कोणाच्या हातात काय आहे हे न बघता त्याच्याशी बोललो की त्या टेबलाचे भाडे उतरते. पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर आवारात गप्पा मारताना एवढेच करून पाहू या. ज्याचा फोन खिशातच आहे त्याच्याकडे आधी जाऊ या.